बाबांचा ग्रुप तरुण आईबापांच्या हातात द्यायचाय? मग असं करा

पुण्यात आता बऱ्याच सोसायट्यांत बाबा लोकांचे ग्रुप झालेत. रविवारी सकाळी पोरांना घेऊन टेकडीवर जायचं, दिवाळीत किल्ला, संक्रांतीला पतंग, उन्हाळ्यात एखादा मुक्कामी कॅम्प, आणि तेवढे दोन-तीन तास घरात शांतता. सुरू करताना सगळे पस्तिशीच्या आसपासचे असतात, पोरं ज्युनियर केजी ते दुसरी. मग पोरं आठवी-नववीत जातात, क्लास सुरू होतात, रविवारी सकाळी उठायलाच तयार नसतात, आणि ग्रुप मात्र तेच तीन-चार जण चालवत राहतात. मीही त्यातलाच, सिंहगड रोडला राहतो, पोरगी कॉलेजात गेली. हे लिहितोय ते अशा तीन-चार जणांसाठी, कारण तरुण बाबांना काय करायचं ते चांगलं कळतं, अडतं ते आपल्यापाशी.

सगळ्यात आधी, कधी द्यायचं

वय, वर्षं, कंटाळा यातलं काहीही बघू नका. एकच गोष्ट बघा, तुमचं स्वतःचं पोर अजून मैदानात उतरतं का. नसेल उतरत तर तुमची वेळ झाली, संपला विषय. यात कुणाचा अपमान वगैरे काही नाही. ज्याचं पोर चार वर्षांचं आहे त्याच्या डोक्यात आपोआप येतं की वाटेत शू लागणार, डबा सांडणार, अर्ध्या वाटेत कडेवर घ्यायला लागणार. ज्याचं पोर पंधराचं आहे तो हे सगळं प्रामाणिकपणे विसरलेला असतो. म्हणून तर जुने लोक प्लॅन करतात तेव्हा थेट आतकरवाडीतून सिंहगड चढायचा ठरतो, आणि प्रत्यक्षात येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या भरपूर असतात.

सरकारने सुद्धा हा विचार केलाय बरं का. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे ना, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि तेही त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे. आणि समितीत निम्म्या बायका. म्हणजे पोरगं शाळेतून बाहेर पडलं की पालक म्हणून तुमचं तिथे काम संपलं, तुम्ही कितीही अनुभवी असा. आपल्या ग्रुपला असला काही कायदा लागू नाही, पण नियम म्हणून हा उचलायला काहीच हरकत नाही.

आता वर्षातला महिना कुठला. माझं मत ठाम आहे, एप्रिल-मे. दहावी-बारावीच्या परीक्षा आटपलेल्या असतात त्यामुळे जुन्या बाबांचं डोकं ठिकाणावर असतं. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते त्यामुळे नवीन शाळेच्या हिशेबाने भाड्याची घरं बदलणारे लोक याच दिवसांत येतात, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करून, आणि त्यांना बिचाऱ्यांना कुणीच ओळखत नसतं, एखाद्या ग्रुपमध्ये शिरायची खरी इच्छा तेव्हाच असते. दिवाळीच्या तोंडावर मात्र अजिबात देऊ नका. किल्ल्याची माती आणायची कुठून यावर चाळीस मेसेज चालू असताना "आजपासून सगळं तुम्ही बघा" म्हणणं म्हणजे सरळ अंगावर टाकून पळणं झालं.

कुणाला द्यायचं

व्हॉट्सॅपवर सगळ्यात जास्त बोलतो त्याला नाही. हे ऐकायला सोपं वाटतं पण नव्वद टक्के वेळा तोच डोळ्यांपुढे येतो कारण नाव तेवढं एकच दिसत असतं. त्यापेक्षा एखाद्या रविवारी काही न बोलता नुसतं बघत उभे राहा. परत निघताना पोरं मोजतो कोण? दुसऱ्याच्या पोराच्या बुटाची लेस कोण बांधतो, कोपऱ्यात एकटा उभा असलेला नवीन बाबा दिसला की त्याच्याशी जाऊन बोलतो कोण, आणि बिस्किटांचे रॅपर कोण उचलतो. तो माणूस ग्रुपवर महिन्यातून एकदा अंगठा टाकत असेल, चालेल. मेसेज टाकणारा कुणीही मिळतो.

एकाला देऊ नका, दोघांना द्या, जमलं तर तिघांना. तरुण बाबांचं आयुष्य फार बेभरवशाचं असतं, आज आहे आणि पुढच्या महिन्यात ऑनसाइट, नाहीतर दुसरं बाळ. केंद्र सरकारी नोकरीत बापाला बाळंतपणाची १५ दिवसांची रजा तरी आहे, खासगीत सगळं कंपनीच्या मर्जीवर, त्यामुळे घरात तान्हं बाळ असलेला माणूस सहा महिने कुणाच्याच हाताला लागत नाही आणि लागूही नये. जोडी लावताना एक आयटीवाला घेतलात तर दुसरा असा बघा जो दिवसा हाताशी असेल, दुकान असलेला, शिक्षक, स्वतःचं काही काम करणारा. बसवाल्याला दुपारी बाराला फोन करायचा असतो तेव्हा मीटिंगमध्ये अडकलेला माणूस काही कामाचा नाही.

भाडेकरूंना वगळू नका, हे मुद्दाम सांगतोय. "तो काय, वर्षभराने जाईल" असं म्हणून बाजूला ठेवतात आणि ज्याचा स्वतःचा फ्लॅट आहे त्याच्या गळ्यात घालतात. वर्षभर नीट करणारा भाडेकरू मिळाला तर तो दहा वर्षं फ्लॅट धरून बसलेल्या निवांत माणसापेक्षा कितीतरी बरा. तसंच घरी तमिळ नाहीतर हिंदी बोलणारा असेल, मराठी मोडकं असेल, तरी काय बिघडलं, पोरं आपापसात काय बोलतात ते ऐका एकदा.

आणि आया. हा विषय निघतोच. जुन्यांच्या वेळी ग्रुप फक्त बाबांचा होता आणि त्याला कारण होतं, बायको बरोबर आली की बाबा हळूच मोबाइल काढून बाजूला बसायचे. ते कारण अजूनही थोडंफार खरं आहे असं मला वाटतं. पण तरुण जोडपी वेगळी आहेत. एखाद्या घरी बाबा नाहीच, एखाद्या घरी रविवारी त्याची शिफ्ट असते आणि आईच पोराला घेऊन येते. आयांना घ्यायचं का, नाव बदलायचं का, हे नव्यांनी ठरवायचं. तुम्ही विचारलं तर मत सांगा, एकदाच.

विचारायचं कसं

ग्रुपवर विचारू नका. "कुणी पुढाकार घेईल का" असा मेसेज टाकला की दोनशे लोक वाचतात आणि एकही बोलत नाही, मग तुम्हाला वाटतं कुणालाच पडलेली नाही. वेगवेगळं गाठा, चहाला. आणि एक लक्षात घ्या, तो तुम्हाला काका किंवा सर म्हणत असेल तर तो तोंडावर नाही म्हणूच शकणार नाही, हो म्हणेल आणि मग फोन उचलणार नाही. म्हणून आधी काही महिने तरी "अरे दादा म्हण रे" असं करून तेवढं अंतर कमी करून घ्या, आणि विचारल्यावर उत्तर तिथल्या तिथे मागू नका.

काम किती आहे ते खरं खरं सांगा. "काही नाही रे, थोडंसं असतं" हे वाक्य बंदच करा. एका ट्रेकसाठी किती फोन होतात, किल्ल्याच्या आठवड्यात रोज संध्याकाळ जाते, एखाद्या पालकाची रात्री अकराला तक्रार येते की माझ्या पोराला ढकललं, हे सगळं सांगा. ऐकून जो राहील तो राहील.

"बायकोला विचारून सांगतो" म्हणाला तर मनात हसू नका, ती पळवाट नाही. दोघं नोकरी करणारे असतात, हा रविवारी सहाला बाहेर पडला की धाकट्याला ती एकटी सांभाळणार आहे. शक्य असेल तर दोघांना एकत्रच भेटा. तिने एकदा मनापासून हो म्हटलं की पुढे वर्षभर प्रॉब्लेम येत नाही.

मीटिंगा रात्री साडेनऊनंतर, पोरं झोपल्यावर, फोनवर, वीस मिनिटं. आपल्याला अमृततुल्यमध्ये दीड तास बसायची सवय असते, ती आपण आपली वेगळी भागवायची.

काय काय द्यायचं, खरी भानगड इथे आहे

माणसं म्हणतात सगळं दिलं, आणि प्रत्यक्षात दिलेलं असतं फक्त काम. पैसे यांच्या खात्यात, अॅडमिन हे, ग्राउंडवाल्याकडे नंबर यांचा, सामान यांच्या माळ्यावर. मग तरुणांनी काहीही करायचं म्हटलं की यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही, आणि वर हेच म्हणणार की आजकालची मुलं पुढाकार घेत नाहीत.

पैशांपासून सुरू करा. नोंदणी नसलेल्या ग्रुपचे पैसे बहुतेक वेळा कुणाच्या तरी एकाच्या सेव्हिंग खात्यात असतात आणि क्यूआर कोड त्याच्याच नावाचा असतो. यात चोरीमारी असते असं नाही, पण त्या पैशांवरचं व्याज त्याच्या पॅनवर दिसतं, आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर बँक ते पैसे त्याच्या नॉमिनीला नाहीतर वारसांनाच देणार, ग्रुपला नाही. तेव्हा हिशेब करा, बाकी काढा, कुणाचे पदरचे किती गेलेत ते आधी चुकते करा, आणि एका पानाचा जमाखर्च ग्रुपवर टाका. साधा, कागदावर लिहून फोटो काढलेला सुद्धा चालतो. "ते जाऊ दे रे, माझेच होते" हे उदारपणे सोडून देऊ नका, कारण मग पुढच्यालाही पदरचे घालायला लागतील आणि त्याचा होमलोन चालू असतो. नव्यांपैकी दोघांच्या नावाने एक जॉइंट खातं काढलं, आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे दोघांपैकी कुणीही एकजण चालवू शकेल असं, ग्रुपपुरतंच वापरायचं, की बऱ्याच कटकटी मिटतात. जुना क्यूआर सोसायटीच्या बोर्डावर किंवा जुन्या मेसेजमध्ये राहिलेला असतो तो शोधून काढून टाका, नाहीतर पुढच्या दिवाळीतही वर्गणी तुम्हालाच येत राहणार. आणि खातं रिकामं करून देऊ नका, एक कार्यक्रम आरामात होईल एवढे पैसे त्यात असू द्या.

मग व्हॉट्सॅप. नव्यांना अॅडमिन केलं की झालं असं वाटतं, पण ज्याने ग्रुप मुळात बनवला त्याला बाकीचे अॅडमिन काढू शकत नाहीत, तो स्वतः बाहेर पडेपर्यंत अॅडमिनच राहतो. तेव्हा बनवणाऱ्याने सरळ एक्झिट करायचं आणि नव्यांनी त्याला साधा मेंबर म्हणून परत घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्या "लेफ्ट" मुळे लोकांचे फोन येतात की काय झालं, भांडण झालं का, म्हणून आधी एक मेसेज टाकून ठेवा. बाहेर पडायच्या आधी नव्यांना अॅडमिन करायला विसरू नका, एकही अॅडमिन उरला नाही तर व्हॉट्सॅप कुणालाही उचलून अॅडमिन करतं आणि ते नेमके असे निघायचे की जे रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात.

ग्रुपचा जीमेल असेल तर पासवर्ड दिला एवढ्यावर थांबू नका. रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि ईमेल बदला, नाहीतर नवीन फोनवरून लॉगिन करताना ओटीपी तुम्हाला येणार आणि तुम्ही नेमके गावाला. दोन वर्षं कुणी वापरलाच नाही तर गूगल खातं उडवू शकतं, तेही सांगून ठेवा. ड्राइव्हवरच्या याद्या तुमच्या वैयक्तिक खात्यावर असतील तर मालकी बदलायची रिक्वेस्ट पाठवावी लागते आणि समोरच्याने ती स्वीकारावी लागते, नुसतं शेअर केलं म्हणजे दिलं असं होत नाही. फोटोंचं तर विचारू नका, फुकटची १५ जीबी कधीच भरलेली असते. सगळे फोटो एका हार्डडिस्कवर काढून द्या. पोरांच्या याद्या असतात ना, रक्तगट, कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी, आईबापाचे नंबर, त्यातल्या चालू पोरांच्या तेवढ्या नव्यांना द्या आणि बाकीच्या याद्या सगळ्या जुन्यांच्या फोनमधून, लॅपटॉपमधून डिलीट करा. कॉलेजात गेलेल्या मुलीचा शाळेतला फोटो आणि घरचा पत्ता कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर पडून राहायचं काही कारण नाही.

सामान एकदा माळ्यावरून खाली काढाच. क्रिकेटचे स्टंप, दोर, कोन, प्रथमोपचाराची पेटी (आतली औषधं बहुधा एक्सपायर झालेली असतात, फेकून द्या), दोन तंबू, मावळ्यांचं खोकं. नव्यांना नको असेल ते देऊन टाका कुणाला तरी. आपल्याला प्रत्येक फाटक्या पतंगाची आठवण असते, त्यांना ती फक्त घरातली अडचण असते आणि त्यांचा फ्लॅट आपल्यापेक्षा लहान असतो.

डोक्यात असतं ते मात्र वहीत उतरवून द्या, मोठं काही नको. कुठल्या मैदानावर कुणाला विचारायचं आणि तो कधी खूश असतो. बसवाला अॅडव्हान्स किती घेतो. मावळे आणि चित्रं कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या किती आधी जाऊन घेतले की मनासारखे मिळतात. तळजई टेकडीला गाड्या कुठे लावायच्या. कुठल्या काकांच्या खिडकीखाली सकाळी सातला शिट्टी वाजवायची नाही. ही माहिती कुठेही लिहिलेली नसते, आणि ती नसली की नव्या माणसाचा पहिलाच कार्यक्रम फसतो आणि तो म्हणतो नको रे बाबा.

तुमचा ग्रुप रजिस्टर असेल तर

मग हे एवढं घरगुती राहत नाही. आपल्याकडे अशा संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवायचा असतो, लोक त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. खूप संस्था हे करत नाहीत, वर्षानुवर्षं कागदावर जुनीच नावं असतात आणि मग एक दिवस बँक नाहीतर देणगीदार कागद मागतो तेव्हा जुन्या माणसांना शोधत फिरायची वेळ येते, त्यातला एक अमेरिकेत आणि एक वारलेला. सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं हे सगळं त्याच आठवड्यात फाइलला लावून टाका आणि माहितीतला वकील गाठा. बँकेत सह्या बदलायला ठरावाची प्रत आणि नव्यांची केवायसी लागते. जुन्या सहीचे चेक शिल्लक असतील तर ते रद्द करून परत द्या.

किती दिवस बरोबर चालायचं

एक हंगाम, बस. मे महिन्यात दिलं तर दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत हाताशी राहा, संक्रांतीला नसलात तरी चालेल अशा बेताने. पावसाळ्यातले छोटे कार्यक्रम त्यांनी करायचे आणि तुम्ही गाडी चालवायला, सामान उचलायला जायचं, म्हणजे खरंच उचलायला, बाजूला उभं राहून "असं नाही, तसं कर" म्हणायला नाही. किल्ल्याला त्यांनी बोलावलं तर जा. आणि मधला एखादा कार्यक्रम मुद्दाम असा निवडा की त्या दिवशी तुम्ही शहरातच नाही. गावाला जा, लग्नाला जा, कुठेही जा. तुम्ही समोर असलात की पालक सवयीने तुमच्याकडे बघूनच विचारतात, नाश्ता कुठे, बस कधी, आणि नवीन पोरगा बाजूला उभा राहतो.

नंतरही फोन येत राहतील. तुम्हाला उत्तर माहीत असतंच, जिभेवर असतं, पण उत्तर देऊ नका, नंबर द्या. "हे आता तो बघतो, त्याला विचारा ना." पहिले दोन महिने लोकांना हे तुटक वाटतं, मग सवय होते. ग्रुपवर कुणी प्रश्न टाकला तर निदान संध्याकाळपर्यंत गप्प बसा, बहुतेक वेळा तोपर्यंत नव्यांनी उत्तर दिलेलं असतं आणि तुमच्यापेक्षा बरं दिलेलं असतं.

ते बदल करणार. सकाळचं संध्याकाळी करतील, कारण तीन वर्षांचं पोर दुपारी झोपून उठलं की फ्रेश असतं. किल्ल्याची स्पर्धा बंद करून नुसतं प्रदर्शन ठेवतील. इन्स्टाग्रामचं पेज काढतील. घरून पोहे आणायचं सोडून सरळ ऑर्डर करतील, यावर तर जुन्या लोकांचा जीव कासावीस होतो, पण ऑर्डर केल्यामुळे कुणाची तरी बायको पहाटे पाचला उठायची वाचली हेही बघा. यातल्या कशाहीबद्दल "आमच्या वेळी" असं सुरू होणारं वाक्य बोलू नका. फसेल काहीतरी, फसू द्या, पुढच्या वेळी बदलतील.

यात ढवळाढवळ चालेल ती फक्त इथे

पोरांच्या सुरक्षेचे नियम. हे लिहून द्या आणि हे बदलायचे नाहीत असं स्पष्ट सांगा, इथे मी अजिबात मवाळ नाही. निघताना आणि परतताना पोरं मोजायची, नावाने. कुठलाही मोठा माणूस दुसऱ्याच्या पोराबरोबर एकटा राहणार नाही, कायम दोन मोठे, मग तो माणूस ग्रुप सुरू करणारा का असेना. मुक्कामाला दारू नाही, पोरं झोपल्यावर सुद्धा नाही. फोटो टाकायचे ते पालकांना विचारून. आणि पावसाळ्यात धबधब्यात पोरं उतरवायची नाहीत. २०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. आधी गुडघ्याएवढं असलेलं पाणी डोंगरात पाऊस झाला की काही मिनिटांत वाढतं. तरुण बाबा हौशी असतात, एखाद्याला वाटतं घोट्याएवढं तर पाणी आहे, म्हणून हे तोंडी ठेवायचं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर नंबर. ११२ आपत्कालीन, १०८ अँब्युलन्स, १०९८ चाइल्डलाइन. एखाद्या मुलाने किंवा मुलीने कुणाबद्दल काही सांगितलं आणि त्यात लैंगिक छळाचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ग्रुपमध्ये बसून "आपसात मिटवू" हा पर्यायच नाही. हे नव्यांशी समोरासमोर बसून बोला, अवघड वाटतं, तरी बोला.

जुन्या बाबांचं काय करायचं

नव्यांपेक्षा हे जास्त त्रास देतात. तुम्ही सोडलंत पण तुमच्याबरोबरच्या तिघांना सोडायचं नसतं. मग गणपती मंडळांच्या फ्लेक्सवर असतात तशी पदं निघतात, आधारस्तंभ, मार्गदर्शक, सल्लागार, आणि काम करणाऱ्या पोरांची नावं खाली बारीक अक्षरात. सल्लागार समिती अजिबात काढू नका. समिती काढली की ती सल्ला देणारच, तिला दुसरं काम काय.

त्यापेक्षा खरी कामं द्या, लागतील तेव्हाच लागणारी. ट्रेकला सगळ्यात मागे राहणारी गाडी, कुणी पाय मुरगाळून बसला तर त्याला आणायला. सातवी-आठवीतल्या पोरांना सायकल दुरुस्ती शिकवणं. एकजण दहावीनंतर काय यावर वर्षातून एकदा बोलेल, त्याची पोरगी नुकतीच त्यातून गेलीये तर त्याला ताजी माहिती असते. बाकी ज्यांना नुसत्या गप्पा मारायच्यात त्यांच्यासाठी जुन्यांचा वेगळा ग्रुप काढा, तिथे हवं तेवढं "आमच्या वेळी" करू द्या. तिथल्या गप्पांचे स्क्रीनशॉट नव्या ग्रुपवर जाणार नाहीत एवढी मात्र काळजी घ्या, असले प्रकार होतात.

एखादा फारच रुसला असेल तर त्याच्याकडे जा. बहुतेक वेळा रुसवा ग्रुपचा नसतो, पोरगं बोलेनासं झालेलं असतं, रविवार रिकामा झालेला असतो. चहा प्या, त्याच्याबरोबर टेकडी चढा, पोरांशिवाय. याचा ग्रुप कुणाच्या हातात आहे याच्याशी काहीही संबंध नाही आणि तो जोडूही नका.

आणि कुणी पुढे आलंच नाही तर

होतं असं. मग आधी काम कमी करा. वर्षाला बारा कार्यक्रम करणारा ग्रुप घ्यायला कुणीच धजावत नाही, तीनच ठेवा, किल्ला, पतंग आणि एक टेकडी. तरी नाही झालं तर तारीख सांगून थांबा, "जूनपासून आम्ही काही ठरवणार नाही, ज्यांना करायचंय त्यांना सामान आणि पैसे तयार आहेत" एवढंच. धमकीच्या सुरात नको. दोन-तीन महिने शांत जातात. मग एखाद्या बाबाचा मेसेज येतो, सहसा तुम्ही ज्याचा विचारही केला नव्हता अशा कुणाचा तरी, की या रविवारी मी माझ्या पोराला घेऊन तळजईला चाललोय, कुणी येतंय का. त्याला काहीही विचारू नका, पद देऊ नका, अभिनंदन वगैरे तर नकोच. तो परत आला की त्याला फोन करून सांगा, स्टंप आणि दोर माझ्याकडे आहेत, कधी आणून देऊ. आणि नाहीच आला कुणाचा मेसेज तर शिल्लक पैशांचं काय करायचं ते ज्यांनी वर्गणी दिली त्यांना विचारा, परत हवे असतील तर परत, नाहीतर जवळच्या महापालिकेच्या शाळेला खेळाचं सामान, आणि पावती ग्रुपवर टाकून ग्रुप बंद.